स्टीअरिंगवरची पाच बटणं

"काका, खुर्ची दिलीय ती बसायला दिलीय," मांडीवरच्या स्टीअरिंगवरून मान वर न करता फ्यूज म्हणाला. "डोक्यावर उभे राहिलात म्हणून तारा लवकर जुळत नाहीत."

प्रूफकाका बसले नाहीत. सकाळपासून ते तसेच उभे होते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर घरचं माणूस उभं राहतं तसे. वीस वर्षांची जुनी गाडी समोर होती आणि तिचं स्टीअरिंग जागेवर नव्हतं. ते त्यांना बघवतही नव्हतं आणि सोडूनही जाववत नव्हतं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली फ्यूज म्हणायची, ते त्याच्या कामामुळे नव्हे. त्याचं डोकं पटकन उडायचं म्हणून. मनात आलं की ते ओठांवर आलंच. गाडी तुमची आहे ते दिसतंय, अक्कल कुठून भाड्याने आणलीत, असं त्याने एका गिऱ्हाइकाला तोंडावर विचारलं होतं. बायको म्हणायची, दुनियेला स्विच बसवता, एक तुमच्या जिभेला बसवा. पण हात असा होता की रागावून गेलेली माणसं वर्षभराने मुकाट परत यायची.

काकांवर मात्र तो सहसा चिडत नसे. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. अजूनही शर्टाच्या खिशात लाल पेन असायचं. फ्यूजने दिलेल्या वॉरंटीच्या कागदावरच्या चुकासुद्धा ते उभ्या उभ्या दुरुस्त करायचे आणि मगच घडी घालून ठेवायचे. असला चिकित्सक माणूस फ्यूजला मनापासून आवडायचा, कारण तो स्वतः त्याच जातकुळीतला होता.

बटणांचं खूळ निघालं ते फाटकाच्या खांबावरून. तीन आठवड्यांपूर्वी गाडी आत घेताना काकांनी ती डाव्या खांबाला चांगली घासली. रेडिओचा आवाज कमी करायला खाली बघितलं आणि तेवढ्यात झालं, असं त्यांनी मुलीला सांगितलं. मुलगी शाळेत शिकवणारी, बोलायला स्पष्ट. तिने सांगून टाकलं, बाबा, पुन्हा एकदा असं झालं तर चावी माझ्याकडे. आता चावी गेली म्हणजे काकांचा रविवार गेला. दर रविवारी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला गाडीतून फिरवून आणायचे. बहीण ऐंशीच्या पुढची, आठवड्यातून तेवढीच घराबाहेर पडणारी. म्हणून काकांनी तोडगा काढला. नव्या गाड्यांसारखी रेडिओची बटणं स्टीअरिंगवरच घ्यायची, म्हणजे खाली बघायलाच नको.

सांगायला सोपं आहे. जुन्या गाडीत हे बसवायचं म्हणजे डोकेदुखी. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं बटणंवालं स्टीअरिंग फ्यूजने भंगारवाल्यांकडे आठ दिवस हिंडून मिळवलं. स्टीअरिंग गोल फिरणार, मग बटणांच्या तारा पिळवटून तुटायला नकोत, म्हणून त्याच्या खाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते. ती बरोबर मध्यावर बसवावी लागते. एका बाजूला टोकापर्यंत फिरवायची आणि मग वेढे मोजत अर्ध्यावर आणायची. मोजणी चुकली की पहिल्याच मोठ्या वळणाला केबल तटकन तुटते. वेढे मोजताना फ्यूज कोणाशी बोलत नसे. दिवसभरात तो गप्प असायचा तो एवढाच वेळ.

स्टीअरिंग चढलं. मग रेडिओला एकेक बटण शिकवणं आलं, हे दाबलं की आवाज वाढव, हे दाबलं की कमी कर, हे पुढचं स्टेशन, हे मागचं, हे फोनचं. पाचही बटणं एका झटक्यात चालली. काकांचा चेहरा असा फुलला की फ्यूजला उगाचच कपाळाचा घाम पुसावासा वाटला.

फ्यूजचा एक नेम होता. असलं काम केलं की रेडिओच्या तोंडावर फडकं टाकायचं, मालकाला चालवायला बसवायचं आणि आपण शेजारी बसून एक फेरी मारायची. रेडिओ दिसतोय तोवर माणूस बटणावर भरवसा ठेवत नाही, डोळा तिकडे जातोच. फडकं टाकलं की बघण्यासारखं काही उरत नाही, बोटं आपोआप शिकतात.

काकांनी गाडी काढली. गल्ली ओलांडली, पुढच्या रस्त्याला लागले. फ्यूज सांगत होता आणि अंगठ्याने ते आवाज वाढवत होते, कमी करत होते. मान सरळ, नजर समोर. रविवारी बहिणीला कसं चकित करायचं ते काका सांगू लागले. फ्यूजही खुशीत होता.

चौकात डावीकडून सायकलवर एक बाई आली. सावकाश येत होती, हँडलला दोन पिशव्या होत्या. फ्यूजला ती केव्हाची दिसली होती. काकांनाही दिसली असणार, आता ब्रेक लावतील, असं तो धरून चालला होता. गाडीचा वेग जराही कमी झाला नाही. बाई पुढ्यात आली तेव्हा फ्यूजने हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन बंद पडली. बाई घाबरून थांबली, दोघांकडे बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

फ्यूजची जीभ शिवशिवत होती. दुसरा कोणी असता तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी झाली असती. पण काकांनी खरंच विचारलं होतं. बाई त्यांना दिसलीच नव्हती.

"सायकल होती, काका. डावीकडे."

काकांनी डावीकडे पूर्ण मान वळवली. बाई पार पुढे गेली होती, ती तेव्हा त्यांना दिसली. मग त्यांची नजर रेडिओवरच्या फडक्यावर आली आणि तिथेच राहिली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. फ्यूजने हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं.

"त्या दिवशीही मी रेडिओकडे बघत नव्हतो," काका म्हणाले.

फ्यूजने फडकं काढून मांडीवर घेतलं.

"डॉक्टरांना दाखवून झालंय. डाव्या बाजूचं दिसणं जात चाललंय, गेलेलं परत यायचं नाही म्हणाले. मुलीला सांगितलं नाही. रेडिओचं सांगितलं." त्यांनी किल्ली फिरवून गाडी पूर्ण बंद केली. "चूक दिसली की खूण करायची, जन्मभर एवढंच काम केलं मी. ही दिसत होती. खूण केली नाही."

फ्यूजला भयंकर वाईट वाटलं. रागही आला होता, काकांचा, डॉक्टरचा, आठ दिवस भंगारात हिंडलेल्या स्वतःचा, आणि तो कुठे काढावा ते त्याला कळेना. शेवटी एवढंच म्हणाला, की घरी जाऊ, मुलीला हवं तर मी सांगतो.

"नको. मी सांगतो," काका म्हणाले. ते उतरले, बॉनेटला हात लावत पलीकडच्या दारापाशी आले आणि फ्यूजने जागा सोडण्याची वाट बघत उभे राहिले.

मुलगी नुकतीच शाळेतून आली होती, फाटकातच भेटली. गाडी फ्यूज चालवतोय आणि बाबा शेजारी बसलेत हे बघूनच तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. काकांनी खिडकीतूनच सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, सायकलवाल्या बाईचंही सांगितलं. काहीच गाळलं नाही. फ्यूज उतरून बाजूला उभा राहिला. आता ही पोरगी बापाला काय काय सुनावणार, खोटं बोललात म्हणून कसं फाडून खाणार, या विचाराने त्याचाच जीव खालीवर होत होता. त्याने स्वतः तेच केलं असतं.

ती बराच वेळ खांबावरच्या ओरखड्याकडे बघत राहिली. डोळे पुसले. मग गाडीला वळसा घालून आली आणि स्टीअरिंगसमोर बसली.

"कुठलं बटण कशाचं ते सांगा," ती म्हणाली. "रविवारी आत्याला आणायला जायचंय ना आपल्याला?"

वरचं आवाज वाढवायचं, त्याच्या खालचं आवाज कमी करायचं, काका क्रमाने सांगत गेले. ती एकेक दाबून बघत होती. चुकली की तिचा अंगठा धरून ते नेमक्या बटणावर नेऊन ठेवत होते. पाचही झाली.

"पाय पोचत नाहीत माझे," ती म्हणाली.

"सीट पुढे घे. खाली दांडा आहे."

तिने दांडा ओढला. सीट हलेना. गाडी घेतल्यापासून ती काकांच्या मापावरच होती, रुळात गंज धरला होता. फ्यूज पुढे झाला, पण काका उतरून तिच्या मागच्या दाराशी आले आणि हात आडवा करून त्यांनी त्याला थांबवलं. ते स्वतः वाकले, मागून सीटची कड दोन्ही हातांनी धरली आणि मुलीला दांडा ओढून धरायला सांगून सगळा जोर लावून ती पुढे ढकलली.