अडकलेली मिंका

"...आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा म्हातारा दार उघडतो आणि म्हणतो..."

एवढं बोलून मिंका थांबली. तोंड उघडं, एक भुवई वर, हातात पीठ लागलेलं लाटणं. स्टामेननं थोडी वाट पाहिली, मग लॅपटॉपच्या कडेला टिचकी मारली. पडद्यावरचं घड्याळसुद्धा हलेना.

"अडकली," तो खुर्चीतल्या मांजराला म्हणाला.

दह्याची ही गोष्ट मिंकानं आजवर तीनदा सांगायला घेतली होती आणि तिन्ही वेळा ती त्या म्हाताऱ्याच्या दारातच राहिली होती. नातीला सांभाळायला त्याची बायको मिंका लेकीकडे, स्पेनमधल्या सारागोसाला गेली, तेव्हापासून पिरिन डोंगराच्या पायथ्याच्या त्या घरात स्टामेन आणि मांजर दोघंच. जन्मभर त्यानं घाटात बस चालवली होती. बसनं असं कधी छळलं नव्हतं. लॅपटॉप लेकीचा, जुना. हिवाळ्यात तो अडकू लागला तेव्हा भाची रालित्सानं फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि स्टामेननं स्वतःच्या हातानं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली. त्या आनंदात त्यानं गल्लीभर राकिया, घरची फळांची दारू, पाजली. दुसऱ्या सकाळी मिंका 'सुप्रभात'मधल्या 'सु'वरच गोठली.

आता रविवारी गावची जत्रा होती. वाचनगृहाच्या सभागृहात बायकांचं गाणं व्हायचं. दरवर्षी मिंका गाणं उचलायची आणि बाकीच्या खाली एकच सूर धरून राहायच्या. यंदा तिनं लॅपटॉपवरून गायचं ठरलं होतं.

"दुरुस्त झाला का तुझा डबा?" मंडळाची म्होरकी डोंका दारातूनच ओरडली.

"झालाय म्हटलं तर विश्वास ठेवशील?"

"नाही. अरे, मिंका नसेल तर आम्ही गाणारच नाही, सांगून ठेवते. मी वरचा सूर लावला की गावातली कुत्री उत्तर देतात."

स्टामेननं पुन्हा रालित्साला फोन लावला. "भाचे, नवी सिस्टीम टाकली तरी तेच!"

"मग सिस्टीमचा दोष नाहीच, मामा. आतलं काहीतरी बिघडलंय. खालून हात लाव बरं. तापलाय?"

"मांजरापेक्षा गार आहे."

"डिस्क तपासली होती, ती धड आहे. आता बंद कर, बॅटरी काढ आणि मागचं झाकण उघड. मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या दिसतील. एकेक काढून चालवून बघ."

"आणि मोडलं तर?"

"तसाही चालतोय कुठे?" डोंकानं परस्पर उत्तर दिलं आणि विजेरी धरून उभी राहिली. "काढ मेल्या, बॉम्ब नाहीये तो."

पहिली पट्टी काढली. लॅपटॉप सुरू झाला, डोंकाच्या तोंडून 'देवा' निघालं आणि लगेच पडदा गोठला. मग ती परत बसवून दुसरी काढली. या वेळी सुरू व्हायला इतका वेळ लागला, की डोंकानं तेवढ्यात चुलीवर कॉफी चढवली. पण सुरू झाला.

"आता मामीला फोन लाव आणि बोलत ठेव," रालित्सा म्हणाली. "तिच्याएवढी कडक चाचणी दुसरी नाही."

मिंका पडद्यावर आली. "काय झालं?"

"काही नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. ते दह्याचं सांग."

"किती वेळा सांगू? दही लागावं म्हणून पातेलं नातीच्या दुपट्यात गुंडाळून जिन्यातल्या गरम पाइपाशी ठेवलं होतं, ते गायब! मी घरोघरी विचारत वर गेले, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा म्हातारा दार उघडतो आणि म्हणतो..."

स्टामेननं टेबलाची कड धरली. डोंकाचा कप ओठांपाशी थांबला.

"...म्हणतो, 'शूऽऽ! आत्ता कुठे झोपलंय!' कुणी बाळ टाकून गेलं असं वाटलं रे त्याला! तासभर जोजवत होता. दह्याचं पार ताक!"

डोंकाला ठसका लागला. स्टामेन इतका हसला, की चष्मा काढावा लागला. मिंका मात्र बुचकळ्यात. "मागे सांगितलं तेव्हा का नाही हसलास?"

पुढं दुपारभर ती बोलत राहिली आणि एकदाही अडकली नाही.

तालमीत मात्र वेगळंच निघालं. मिंकाचा सूर गावात पोचायला क्षणभर उशीर, बायकांचा तिकडं पोचायला आणखी क्षणभर. मिंका त्यांच्यासाठी थांबायची, त्या मिंकासाठी, आणि गाणं चिखलात रुतायचं. डोंका रडकुंडीला आली.

"माझा आवाज तुम्हाला नीट येतो ना?" मिंकानं विचारलं.

"येतो."

"मग तुमचा आवाज मी माझ्याकडे बंदच करते. मी गाईन. तुम्ही मला धरा."

"अगं, एकटीच गाशील? काहीच ऐकू न येता?"

"एवढी वर्षं तुमच्यात उभी राहिलेय. तुम्ही कुठे श्वास घेता ते ठाऊक आहे मला."

रविवारी सभागृहात बायकांच्या मधोमध खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, वायर भोंग्याला जोडली. अगदी पुढ्यात स्टामेन. पडद्यावर लाल भरतकामाचा पोशाख घातलेली मिंका. तिनं डोळे मिटले आणि सूर उचलला. खालून बायकांनी तो झेलला. छताचे वासे गुणगुणू लागले. सारागोसाच्या त्या स्वयंपाकघरात तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं. जिथं त्या श्वास घ्यायच्या, तिथं ती तेवढी थांबायची.

गाणं संपलं. सभागृह उभं राहिलं. मिंकानं डोळे उघडले, तिला फक्त स्टामेन दिसत होता.

"जमलं का रे?"

"जमलं! जमलं गं!" तो ओरडला, आणि मग तिला ऐकू येत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि तिचं तोंड लोकांकडे फिरवलं.

 मग मिंका एकेकाला हाका मारू लागली. "अगं पेना, काठी सोडलीस की! बोझिदार, तू? टोपी काढ, ओळखू येईनास!" ज्याचं नाव यायचं तो हात उंच करायचा.

वायर पुरेल तिथवर स्टामेन हळूहळू चालत राहिला. पडद्याची पाठ त्याच्याकडे होती. ती कुठल्या रांगेपाशी पोचली आहे, हे त्याला तिच्या आवाजावरूनच कळत होतं.