तांड्याचा कोश

मानोऱ्याकडच्या तांड्यांवर आमच्या संस्थेची दवाखाना-गाडी फिरते. जिथून गरोदर बायांच्या नोंदी येतात, तिथेच ती जाते. गंगूकाकीच्या तांड्यातून नोंदी पोहोचतच नव्हत्या, म्हणून संस्थेचे नरेंद्र साहेब तिथली फेरी बंद करायला निघाले. मी मंजू, त्याच तांड्यातली, संस्थेचं सॉफ्टवेअर बघते. माझं डोकंच फिरलं.

तांड्याच्या नोंदी काकीकडेच, आणि ती तर रोज फोनवर भरत होती. पण टेकडीवर रेंज इतकी फुसकी, की छोटी नोंद जाते आणि मोठी अर्ध्यात तुटते. म्हणून आम्ही शब्दकोश केला होता. जो शब्द वारंवार येतो, त्याच्या जागी नुसता एक आकडा जातो. कोशात नसलेला शब्द मात्र अक्षर न् अक्षर पाठवावा लागतो. आमच्या तांड्याचं नाव, नवऱ्यांची नावं, हेमला, धरमसिंग, सगळं असंच लांबलचक जात होतं. कारण शोधलं तर काय, कोशासाठी शब्द मोजले होते दिवाळीनंतर, अख्खा तांडा ऊसतोडीला गेलेला असताना! घरांना कुलपं, आणि कोश म्हणणार तुमचे शब्द कोणी वापरत नाही.

"नावगाव टाकूच नका," साहेब म्हणाले. "'इतर' लिवा. ते कोशात आहे, झटकन जाते."

मी काकीला फोन लावून स्पीकर चालू केला. काकी कडाडली, "इतर कायले लिवू? आमच्या तांड्याले नाव आहे. नोंदी भरणारी एकही बाई 'इतर' लिवणार नाही!"

साहेब माझ्याकडे वळले. "मंजू, तुले नोकरी करायची आहे ना?"

"तेच तर करून राह्यली, साहेब."

दुसऱ्या दिवशी मी जीपने निघाले. टेकडीवरच्या एकेका तांड्यावर जाऊन बायांच्या फोनांत अशाच अडकलेल्या नोंदी वायरीने काढल्या, फक्त त्यांच्यावरून शब्द पुन्हा मोजले आणि नवा कोश त्या फोनांत आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे चढवला. परवानगी मागितली नाही. मागून मिळणार होती थोडीच!

नोंदी धडाधड यायला लागल्या. साहेब लालबुंद होऊन स्क्रीनवर नवा कोश वरखाली करत होते.

"'इतर' कुठं गेलं? मुद्दाम काढलं ना तू?"

"नाही साहेब. म्या फक्त मोजलं. कोणीच लिवलं नाही."

दवाखाना-गाडीची चावी त्यांच्या टेबलावर पडली होती. मी ती उचलली आणि तांड्याच्या फेरीसाठी ड्रायव्हरला नेऊन दिली.