मनातल्या पायऱ्या

सोयरा आता मारतहळ्ळीत मुलांना गणित शिकवते, पण पाचवीत ती स्वतःच शिक्षकांचा अंत पाहायची. जयनगरात शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या तिच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, तिच्याकडून अडीचकीचा पाढा घोटून घेतला होता. एका सदऱ्याला अडीच मीटर कापड, तर अठरा सदऱ्यांना किती, असं विचारलं की पोरगी ‘पंचेचाळीस’ लिहून मोकळी.

‘पायऱ्या कुठायत?’ गणिताच्या रम्या मिसनी विचारलं.

‘मनात केल्या, मिस.’

‘मग मार्कही मनातच ठेव.’

वहीत भोपळा पडला. वर, शुक्रवारच्या चाचणीत पायऱ्या दिसल्या नाहीत तर आंतरशालेय स्पर्धेच्या यादीत नाव नाही, असंही मिसनी बजावलं. सोयराला स्पर्धेला जायचंच होतं. पण बरोबर उत्तराचा जबाब द्यायचा, हे काही तिच्या गळी उतरेना.

आजोबा आपलीच बाजू घेणार, या खात्रीने ती संध्याकाळी दुकानात गेली. अण्णा कापडावर खडूने खुणा करत होते.

‘अण्णा, उत्तर बरोबर आलं की झालं ना? तुम्हीच सांगा मिसना.’

‘सरी, बरं,’ म्हणत अण्णा रेघ ओढत राहिले.

सोयरा फुरंगटून बसली. ‘पन्नास वर्षं कापड कापताय. अजून खडू लागतो?’

‘मला कशाला लागतोय? शिवणार गिरीराज. माझ्या डोक्यातली बाही त्याला कशी दिसणार?’

मशीनवरचा गिरीराज मान वर न करता म्हणाला, ‘एकदा अण्णांनी खुणा केल्या नाहीत, तर नवरदेवाला दोन्ही बाह्या डाव्याच मिळाल्या.’

अण्णांनी डोळे वटारले. सोयरा खो खो हसली, पण घरी जाताना मनातल्या पायऱ्या एकेक करून पुटपुटत होती.

शुक्रवारी सव्वीस सदऱ्यांचं गणित आलं. तिने पायऱ्या लिहिल्या, पण पुस्तकातल्या नव्हे, आपल्या. सव्वीसची दुप्पट बावन्न, सव्वीसचे निम्मे तेरा, मिळून पासष्ट.

‘ही पुस्तकातली रीत नाही,’ मिस म्हणाल्या.

‘पण दिसतेय ना, मिस?’

मिसनी एकेक ओळ बोटाने तपासली. मग यादी पुढे ओढून तिचं नाव लिहिलं. चौथं.

‘पहिलं का नाही?’

‘स्वल्प दम धर, सोयरा. आणि फळ्यापाशी ये. मागच्या बाकालाही कळू दे तुझी रीत.’

सोयरा उठली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी तिच्या पायऱ्या संपेनात.