सुनेच्या हाताखालचा फोड

गोठ्याबाहेर बघ्यांची ही गर्दी! मधोमध मऊ गोणपाटावर तांबूस करडू पडलं होतं. गावोगाव झाडफूक करत फिरणारे एक बाबा दोन हात लांबून त्याच्यावर फुंकर मारत होते.

"चोळ राख!" बाबा गरजले.

घरच्या सुनेनं करडाच्या पायाला राख चोळली. थोड्याच वेळात तिथं पाण्यानं टम्म भरलेला फोड उठला.

"बघितलंत? हात नाही, निखारा आहे! ही या घरात आहे तोवर इथली करडं जगायची नाहीत!"

"म्हणूनच एकामागून एक गेली गं बाई!" सासूनं कपाळावर हात मारला. सुनेची भरलेली बॅग दाराशी होती. नवरा खाली मान घालून उभा.

मी गुरांची डॉक्टर. सुनेनंच फोन करून मला बोलावलं होतं.

"बाबा, दुसरा पाय तुम्ही चोळता का?"

"आम्ही स्पर्श करत नाही. लांबूनच शक्ती सोडतो."

"आज जरा जवळून सोडा की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. बाबांनी झोळी आवरायला घेतली.

मी सासूबाईंना म्हटलं, "आजी, मग तुम्हीच चोळा."

त्यांनी चोळलं. आम्ही थांबलो. तसाच फोड आला. म्हातारी स्वतःच्या तळव्याकडे बघतच राहिली.

"हा जन्मजात आजार आहे," मी म्हटलं. "यात कातडीचे थर एकमेकांना नीट धरत नाहीत. कुणीही चोळलं तरी फोड येणारच. तुमचा बोकड आणि शेळ्या एकाच रक्ताच्या. दिसायला धडधाकट, पण दोष दोघांतही लपलेला. तो दोघांकडून आला की असं पिल्लू जन्मतं. बोकड बदला, सून नव्हे."

"हे जगेल का?" सुनेनं विचारलं.

"कठीण आहे."

ती नवऱ्याकडे वळली. "मागचं करडू तुम्ही पुसलंत, तेव्हा फोड तुमच्याच हाताखाली आला होता. मलाच म्हणालात, कुणाला सांगू नकोस."

"आईपुढं बोलायची हिंमत झाली नाही गं."

"माझी बॅग भरायची बरी झाली!"

तिनं बॅग उचलली. सासू "अगं, थांब" म्हणाली. ती थांबली नाही.

बाबा केव्हाच सटकले होते. उद्या ते दुसऱ्या कुणाच्या दारात उभे राहतील, दुसऱ्या कुणाच्या लेकीकडे बोट दाखवतील. तेव्हा एवढंच करा: तीच राख आधी दुसऱ्या हातानं चोळून बघा. आणि खरं ठाऊक असेल, तर गप्प बसू नका.