बाबांचा पूल

परदेशात, पामर्स्टन नॉर्थला येऊन सहा महिने झाले, तरी मुलीच्या शाळेत आपण दक्ष पालक ठरावे, ही चंद्रहासची तळमळ कमी झाली नव्हती. आठ वर्षांच्या अनुष्काला शाळेने आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायला सांगितला, तेव्हा पुण्याच्या रिवाजाला जागून या स्थापत्य अभियंत्याने तो स्वतःच बांधला आणि शुक्रवारी मोठ्या ऐटीत वर्गात नेला.

बाकीच्या मुलांचे पूल वाकडेतिकडे होते. चंद्रहास मनातल्या मनात सुखावला.

"यातलं तू काय केलंस?" वर्गाच्या बाई मिस टर्नर यांनी अनुष्काला मायेने विचारले.

"मी ग्लूचं झाकण लावलं," अनुष्का प्रामाणिकपणे म्हणाली.

चंद्रहासचे कान तापले. बाई मात्र हसल्या. त्यांनी तो पूल फळीवर मांडून त्यावर चिठ्ठी लावली: 'अनुष्काचे बाबा, वय अडतीस'. मग अनुष्कापुढे नव्या काड्या ठेवल्या आणि चंद्रहासला शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसवले. हात मात्र खिशात ठेवायचे.

तिचा पूल डुलू लागला. "बाबा, पडेल का हा?"

खिशातली बोटे शिवशिवली. "तुला काय वाटतं?" तो कसाबसा म्हणाला.

तिने थोडा विचार करून एक काडी तिरपी चिकटवली. ग्लू वाळल्यावर बाईंनी पुलावर बीन्सचा डबा ठेवला. पूल कुरकुरला, पण टिकला.

"आता माझ्या पुलावरही डबा ठेवून बघा ना," चंद्रहास फळीकडे बोट दाखवत म्हणाला.

"नो, बाबा," अनुष्काने समजावले, "तुझा नुसता बघायचा आहे."