मुंगीचे डोळे

गावाच्या टोकाला पूर्वी बियाण्यांचं गोदाम होतं, तिथे आता पाळणाघर भरायचं. साथ आली तशी शाळा बंद झाली, बाजार बंद झाला, पण पाळणाघर चालू राहिलं. ज्यांना घरी बसून भागणारच नव्हतं, त्यांची पोरं तिथे येत. दूधगाडीवाल्याचे जुळे, पंपावरच्या माणसाचा नातू आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुंगी. मुंगी सव्वा वर्षाची. पहिल्यांदा आणली तेव्हा एवढीशी होती, म्हणून हे नाव पडलं. आता चांगली गुटगुटीत झाली होती, पण एकदा चिकटलेलं नाव काय निघतंय!

सांभाळायला होत्या मावशी. त्या सगळ्या गावाच्याच मावशी. एकदा त्यांचे यजमानसुद्धा बोलण्याच्या नादात त्यांना 'मावशी' म्हणून गेले आणि पुढे बरेच दिवस त्याची फळं भोगत होते.

साथीचे नियम कडक. आईबापांनी आत यायचं नाही. फाटकाजवळच्या बाकावर पोर बसवायचं, मागे सरायचं, मग मावशी येऊन उचलणार. आणि दिवसभर तोंडाला मास्क. मास्कचंच मावशींना फार लागलं होतं. पोराला हसून उचललं नाही तर ते उचलणं कसलं? म्हणून दिसो न दिसो, मास्कच्या आत त्या पहिल्यापेक्षा दुप्पट हसायच्या.

मुंगीवर त्यांचा जीव जरा जास्तच होता, आणि त्याला कारण होतं. साथीच्या ऐन भरात मावशींचे यजमान आजारी पडले. श्वास पुरेना. तेव्हा नर्सबाईंनी त्यांना पालथं झोपवून, पाठ थोपटून, प्रसंगी दरडावून मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. असे उपकार फिटत नाहीत, हे मावशींना ठाऊक होतं. त्या फेडायला जातच नव्हत्या. फक्त डोळ्यांत तेल घालून मुंगीला सांभाळत होत्या.

आणि एका संध्याकाळी नर्सबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून मुंगीला आणणार नाही. नोकरी सोडतेय मी."

डॉक्टर कधीतरी फिरकायचे, दवाखान्याचा सगळा गाडा ह्या एकटीवर चालला होता.

"आमचं काही चुकलं का बाई?"

"तुमचं कशाला? माझंच चुकलं." नर्सबाईंचा आवाज चिरकला. "घरी जाते, आंघोळ करते, मास्क काढून तिला जवळ घ्यायला जाते. ती माझ्याकडे बघते आणि डोळे गच्च मिटून घेते. रोज! सासूबाई म्हणतात, आईला विसरली पोर, तोंड बघायला तयार नाही."

"सासूबाईंचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!" मावशी भडकल्या. "डोळ्यांत काही दोष असेल."

"तेही दाखवून आणलं. डोळे छान आहेत. मीच नकोशी झालेय तिला. दवाखान्यात लोकांना बरं करत बसले आणि माझी पोर हातची गेली."

"अहो, इथेही मिटते ती डोळे. मला बघून तर रोज सकाळी मिटते."

"तुम्हाला बघून? तुमच्यावर तर जीव आहे तिचा."

आता मावशीही चक्रावल्या. तेवढ्यात आतून ओरडा ऐकू आला. खिडकीच्या गजांना धरून मुंगी उभी होती. मावशींनी मान वळवून पाहिलं आणि त्या सवयीने हसल्या.

"मावशी, डोळे का मिटलेत?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी? मी कुठे मिटले? मी तर हसले."

"परत हसा बघू."

मावशी हसल्या.

"मिटले! अगदी गच्च मिटले."

"ते होय!" मावशी ओशाळल्या. "ते माझं जन्माचंच आहे. हसले की डोळे जातात. लग्नाच्या फोटोत आमचे हे म्हणे एका झोपलेल्या बाईशेजारी उभे आहेत. अजून ऐकवतात मला..."

बोलता बोलता त्या थांबल्या. तोंड तर झाकलेलं. पोरांना त्यांचं हसू म्हणून जे काही दिसलं ते तेवढंच, गच्च मिटलेले दोन डोळे. जुळे मिटायचे, नातू मिटायचा. दारात पाऊल टाकलं की सगळी पलटण डोळे मिटून बसायची, आणि त्यांना वाटायचं, लबाड आहेत मेले. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"अगं पोरी," मावशी म्हणाल्या. आजवर नर्सबाईंना त्यांनी कधी अगं म्हटलं नव्हतं. "ती तुला बघून हसत होती गं. रोज हसत होती. आणि तू उलटून हसशील म्हणून वाट बघत होती."

नर्सबाई पोरांच्या त्या बाकावरच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मास्कमुळे कळेना. मावशींनी आत जाऊन मुंगीला आणलं, आईशेजारी बाकावर बसवलं आणि नियमाप्रमाणे मागे सरल्या.

मुंगीने आईकडे पाहिलं. नर्सबाईंनी ओले डोळे गच्च मिटले आणि मिटलेलेच ठेवले. क्षणभर काहीच झालं नाही. मग खुदकन आवाज आला आणि एक ओलसर, चिकट तळहात त्यांच्या पापणीवर येऊन बसला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मुंगीचे गच्च मिटलेले होते.

त्या संध्याकाळी मावशी घरी गेल्या. यजमान ओट्यावर बसून चांगला भरभरून श्वास घेत शेजाऱ्याशी भांडत होते. मावशींना त्या भांडणाचं इतकं कौतुक वाटलं की त्या तशाच बघत उभ्या राहिल्या.

सकाळी त्या वेळेआधीच पाळणाघराच्या दारात जाऊन थांबल्या. बाक रिकामा होता. जुळे आले, नातू आला. मग वळणावरून नर्सबाई येताना दिसल्या, कडेवर मुंगी. बाकावर तिला बसवून त्या मागे सरल्या, लेकीला निरोप द्यायचा म्हणून डोळे गच्च मिटून, अशा मागे मागे, की पाठ फाटकाच्या खांबावर आपटली.

"लागलं का गं?" मावशी ओरडल्या.

"लागू दे," नर्सबाई म्हणाल्या. डोळे त्यांनी उघडले नव्हते. "ती बघतेय ना अजून?"