शौकतची थेम्स

शौकतचं पत्र आलं त्यानंतर रमजान गेला, बकरी ईदही गेली, तरी अलीमियाँनी उत्तर लिहिलं नव्हतं. रत्नागिरीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून ते आता दुबईत, अल मनखूलला, मुलाकडे राहत होते. शौकत त्यांचा बालमित्र. इंग्रजीत दोनदा नापास होऊन जहाजावर गेलेला. आणि आता इंग्लंडात लेकीकडे, थेम्सकाठच्या एका गावात.

"जुना पूल पाहिला," त्यानं लिहिलं होतं. "होड्यांचं म्युझियम पाहिलं. लॉकमधून गेलो. दोन दरवाज्यांमध्ये होडी कोंडतात, पाणी सोडून देतात, की होडी अलगद खाली उतरते. पण तुला काय सांगायचं? तुला सगळं ठाऊकच."

ते शेवटचं वाक्य अलीमियाँना जाळत होतं. थेम्स त्यांची होती. तिची वळणं त्यांनी वर्गातल्या फळ्यावर काढली होती. आणि तिच्या काठी फिरायला कोण, तर शौकत.

उत्तर तोडीस तोड हवं म्हणून त्यांनी मुलाला, फहदला, दुबई दाखवायला लावली. उंच मनोरा झाला, फुलांची बाग झाली. घरी येऊन दोन ओळी लिहायच्या आणि फाडायच्या. आपल्याला धड फुशारकीसुद्धा जमत नाही, असं त्यांना वाटे.

"शौकतभाईंना जळवायला निघालात," त्यांच्या बायको मैमुनाबी म्हणाल्या, "आणि धूर तुमच्याच नाकातून निघतोय."

शुक्रवारी नात मुनिबा त्यांना अब्रातून, तिथल्या लाकडी होडीतून, खाडीपार घेऊन गेली. अलीमियाँ फळी घट्ट धरून बसले.

"दादा, शौकतदादांचं ते लॉक कसं असतं?"

त्यांनी दोन्ही तळहातांचे दरवाजे करून दाखवले. पाणी कसं सोडतात, तेही सांगितलं.

"बट हाऊ डझ इट फील? लिफ्टसारखं पोटात होतं?"

अलीमियाँनी आठवून पाहिलं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शौकतला मात्र ठाऊक होतं. पुन्हा चटका बसला. पण आता त्याला विचारण्यासारखं काहीतरी होतं.

घरी येताच त्यांनी लिहिलं: "शौकत, तुझा हेवा वाटतो, म्हणून इतके दिवस गप्प होतो. अजूनही वाटतो. होडी खाली उतरते तेव्हा पोटात कसं होतं? मला ठाऊक नाही. सविस्तर लिही."

"अब्बा, व्हॉट्सअ‍ॅप करा ना," फहद म्हणाला. "एका मिनिटात खलास."

"पत्राला पत्रच," अलीमियाँ म्हणाले आणि त्याला गाडी काढायला लावली. पोस्टाच्या पेटीशी हात क्षणभर अडला. मग त्यांनी पाकीट आत सोडलं.